काट्यांची भिंत आणि मिठाची चिमूट

सीमेवर राहणाऱ्या माणसाला सीमा फारशी दिसत नाही. पांढुर्णा आणि सौंसर या आपल्या दोन तालुक्यांतील माणसे घरात मराठी बोलतात, कचेरीत हिंदीत अर्ज करतात आणि दुखणे अवघड झाले की सावनेरमार्गे नागपूर गाठतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर-विदर्भाचे जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्याच्या पोटात आले, तरी नागपूरची वाट तीच राहिली. रेषा कागदावर असते, दुखणे अंगात असते. त्यामुळे रेषेचा विचार करण्याची वेळ आपल्यावर क्वचितच येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा व सावरगाव समोरासमोर उभे राहतात, आणि त्या गोटमारीत फुटलेली डोकी शिवताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात आले असेल की, हातभर पाण्याची ही सीमा माणसाला एवढी प्रिय का असावी!

सीमेचा हा विषय माझ्या डोक्यात घर करून बसला तो इंग्लंडच्या उत्तर भागातील एका भिंतीमुळे. माझा भाचा न्यूकॅसलच्या एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. २०१४ च्या ऑक्टोबरात मी त्याच्याकडे गेले असता त्याने एका रविवारी मला हेड्रियनची भिंत दाखवायला नेले. रोमन सम्राट हेड्रियन इ. स. १२२ मध्ये ब्रिटनला आला आणि त्याच्या आज्ञेने ही भिंत उभी राहू लागली. पूर्वेला टाइन नदीपासून पश्चिमेला सॉल्वेच्या खाडीपर्यंत ती ७३ मैल जाते. दर रोमन मैलाला एक छोटी गढी, दोन गढ्यांच्या मध्ये दोन बुरूज, आणि ठराविक अंतरावर मोठे किल्ले, अशी तिची रचना. आज ती बहुतेक ठिकाणी कमरेएवढीच उरली आहे. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी शतकानुशतके तिचे घडीव दगड नेऊन घरे, चर्च आणि शेताची कुंपणे बांधली. आपल्याकडच्या गढ्यांचे दगड कुठे गेले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. भिंतीवर मेंढ्या चरत होत्या, वारा कानशिले बधिर करीत होता, आणि भाचा मला सांगत होता की, "मावशी, इथे हॉस्पिटल होते."

ते खरेच होते. हाउसस्टेड्स नावाच्या किल्ल्याच्या मध्यभागी, सेनापतीच्या कचेरीच्या मागे, मधल्या चौकाभोवती खोल्या असलेली एक इमारत उत्खननात मिळाली आहे आणि अभ्यासक तिला रुग्णालय मानतात. त्याच किल्ल्यापाशी एका लष्करी वैद्याची समाधीशिला सापडली. अनिसियस इंगेन्युअस हे त्याचे नाव, तुंग्री लोकांच्या पहिल्या पलटणीचा तो वैद्य, आणि वय अवघे २५ वर्षे. तुंग्री म्हणजे आजच्या बेल्जियमकडचे लोक. घरापासून इतक्या दूर, त्या बोचऱ्या वाऱ्यात, पंचविशीत गेलेल्या या आमच्या व्यवसायबंधूविषयी आणखी काही कळत नाही. इंटर्नशिप संपवून पहिल्या नेमणुकीवर गेलेल्या मुलाचे हे वय!

याच पलटणीचा आणखी एक कागद उपलब्ध आहे; कागद म्हणजे लाकडाची पातळ पट्टी. भिंतीच्या किंचित दक्षिणेला विंदोलांडा नावाचे ठाणे होते. तेथल्या चिखलात १९७३ पासून शाईने लिहिलेल्या अशा पट्ट्या सापडू लागल्या. त्यांत भिंत बांधण्यापूर्वीच्या काळातील, इ. स. ९० च्या सुमाराचा, या पलटणीचा हजेरीपट आहे. एकूण माणसे ७५२. त्यांपैकी ४५६ बाहेर कामगिरीवर, २९६ ठाण्यात. ठाण्यातल्यांपैकी ३१ कामास अपात्र: आजारी १५, जखमी ६ आणि डोळे आलेले १०. उरलेले २६५ धडधाकट. कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक अहवालात शोभेल असा हा तक्ता आहे. एक तृतीयांश रुग्ण नेत्रदाहाचे, हे वाचून बराकीतील धूर, दाटी आणि एकाच पंचाला पुसलेली तोंडे डोळ्यांसमोर येतात. विंदोलांडाच्या शौचकूपाच्या गाळात जंताची व व्हिपवर्मची अंडी अलीकडे मिळाली आहेत. रोमन स्नानगृहे आणि वाहत्या पाण्याचे संडास यांचे आपण फार कौतुक करतो, परंतु जंतांना त्याचे सोयरसुतक नव्हते असे दिसते.

ही भिंत कशासाठी बांधली? उत्तरेकडील टोळ्यांना अडवण्यासाठी, हे शाळेतले उत्तर. परंतु दर मैलाला दरवाजा ठेवलेली भिंत ही केवळ अडवण्यासाठी नसते. कोण येतो, कोण जातो, काय घेऊन जातो, हे पाहण्यासाठी आणि त्यावर कर बसवण्यासाठी ती असते. दरवाजे मोजून ठेवले की वाट चुकवणारा आपोआप चोर ठरतो. हे ऐकताना मला इंग्रजांनी आपल्याच देशात उभारलेल्या एका सीमेची आठवण झाली. हेड्रियनच्या भिंतीच्या तिसेक पट लांब असूनही ती आपल्या शालेय पुस्तकांत कधी आली नाही.

ती सीमा मिठाची होती. बंगालमध्ये कंपनी सरकारने मिठावर जबर कर बसवला, तेव्हा राजपुतान्याचे व पश्चिम किनाऱ्याचे स्वस्त मीठ आत येऊ लागले. ते अडवण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गंगा-यमुनेच्या काठाने जकात नाक्यांची रांग उभी राहिली. राज्य वाढत गेले तशी रांगही वाढत गेली. १८६९ पर्यंत वायव्येकडून ओरिसापर्यंत तिची लांबी सुमारे २,५०० मैल झाली. उत्तरेचा भाग सिंधू नदीच्या भरवशावर सोडलेला होता. खरा बंदोबस्त मुलतानपासून दिल्ली, आग्रा, झाशी, होशंगाबाद, खंडवा या बाजूने बऱ्हाणपूरच्या दक्षिणेपर्यंत, म्हणजे १,४२९ मैल. तेथून पुढे पूर्वेकडे वळून, तेव्हाच्या मध्य प्रांताच्या दक्षिण भागातून, ओरिसातील महानदीकाठच्या सोनपूरपर्यंत ७९४ मैलांची शेवटची ओळ जात असे. या टप्प्यात नाकी विरळ होती. आपला मुलूख ज्या मध्य प्रांतात होता, तो असा मिठाच्या रेषेने कापलेला प्रांत होता.

मधल्या टप्प्यात नुसती नाकी पुरेनात, म्हणून कुंपण घालण्यात आले. प्रथम वाळलेल्या काटेरी फांद्यांचा ढीग रचला जाई. वाळवी, वणवा, वादळ त्याची वाट लावीत. मैलामागे दरवर्षी शेकडो टन काटे नव्याने वाहून आणावे लागत. मग १८६७ ते १८७० या काळात जकात आयुक्त असलेल्या गृहस्थांनी ठरवले की कुंपण जिवंतच हवे. बोर, बाभूळ, करवंद, नागफणी, थोर, ज्या जमिनीत जे तग धरेल ते लावावे. पाणथळ जागी बांध घालून त्यावर लावावे. जवळ विहीर खणावी, बाजूने रस्ता ठेवावा. शेतकीची उत्तम जाण असलेल्या या अधिकाऱ्याचे नाव अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम! १८७८ पर्यंत ४११ मैलांचे कुंपण पूर्ण हिरवे, कमीत कमी आठ फूट उंच आणि माणसाला वा जनावराला अभेद्य असे तयार झाले. उरलेल्या भागात कोठे अर्धेमुर्धे हिरवे, कोठे वाळके, आणि जिथे खडकावर काहीच उगवेना तिथे दगडी भिंत. राखणीला बारा ते चौदा हजार माणसे होती. रोमनांनी दगड वापरला, इंग्रजांनी काटा वापरला. माझ्या मते काटाच अधिक धूर्त, कारण दगड मागे पुरावा ठेवतो.

आता कराविषयी. रेषेच्या आत उत्तर हिंदुस्थानात मिठावर मणामागे ३ रुपये, बंगालात सव्वातीन. आणि मुंबई-मद्रास इलाख्यांत १८६९ नंतर १ रुपया १३ आणे. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. त्या काळी शेतमजुराची महिन्याची कमाई तीन-चार रुपयांच्या घरात होती. म्हणजे एक मण मिठावरचा नुसता करच जवळपास महिन्याभराच्या घामाएवढा. घाम हा शब्द मी येथे केवळ अलंकार म्हणून वापरलेला नाही. वैशाखात संत्र्याच्या बागेत आळी खणणारा किंवा पऱ्हाटीच्या वावरात वखरणी करणारा माणूस दिवसाकाठी कित्येक लिटर घाम गाळतो, आणि त्या घामाबरोबर सोडियम जाते. ते भरून आले नाही तर पोटऱ्यांत गोळे येतात, उठल्यावर भोवळ येते, अन्नावरची वासना जाते, माणूस सुस्त होतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो आळशी वाटतो. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या लिखाणात हिंदी रयतेच्या आळसाविषयी जे इतके आढळते, त्यातले किती नुसते मिठाविना आले असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो. मिठाची कमतरता शवविच्छेदनातही उघड दिसत नाही. भूक, ताप, हगवण यांच्या नावावर तिचे मृत्यू जमा होतात.

आणि हे तेव्हाच्या वैद्यकाला अज्ञात होते असेही नाही. कथेचा हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. १८३१ च्या शरद ऋतूत पटकी ब्रिटनमध्ये प्रथम शिरली ती संडरलंड बंदरातून, म्हणजे हेड्रियनच्या भिंतीच्या पूर्व टोकापासून अगदी जवळून. तेथे विल्यम ओशॉघ्नेसी नावाचा बावीस वर्षांचा डॉक्टर गेला. त्याने रुग्णांचे रक्त तपासले आणि सांगितले की रक्तातले पाणी व क्षार निघून गेले आहेत, ते परत देणे हाच उपाय. त्याच्या निष्कर्षावरून १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ गावी थॉमस लॅटा यांनी पटकीच्या रुग्णाच्या शिरेतून मीठ-पाणी दिले आणि डोळे खोल गेलेली बाई त्यांच्यासमोर बोलू लागली. आज आपण सहजपणे लावतो त्या सलाइनच्या बाटलीचा हा जन्म! पुढच्याच वर्षी, १८३३ साली, हाच ओशॉघ्नेसी ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर म्हणून कलकत्त्याला आला. तेथे त्याने वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले, गांजाच्या औषधी गुणांवर संशोधन केले, पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे विणले. मीठ गेल्याने माणूस मरतो आणि मीठ दिल्याने जगतो, हे रक्ताच्या नळीत दाखवणारा माणूस ज्या सरकारच्या चाकरीत होता, ते सरकार मीठ अडवण्यासाठी काटे लावीत होते. दोन खाती निराळी, म्हणून एकाचे ज्ञान दुसऱ्याच्या फायलीत गेले नाही. सरकारी व्यवस्थेत काम केलेल्या माझ्या सहकाऱ्यांना याचा अर्थ उलगडून सांगावा लागू नये.

मिठावर राजाचा हक्क ही काही इंग्रजांचीच कल्पना नव्हे. आपल्या पांढुर्ण्याचे नाव इतिहासकारांना ठाऊक आहे ते येथे मिळालेल्या वाकाटक ताम्रपटामुळे. पाचव्या शतकातील राजा दुसरा प्रवरसेन याच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षाचा हा ताम्रपट महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादिलेल्या वाकाटक लेखसंग्रहात आहे. याच राजाचा अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट घ्या. दान दिलेल्या गावाला ज्या सवलती मिळत, त्यांत मिठासाठी खणण्याच्या राजहक्कातून सूट अशी स्पष्ट नोंद आहे. म्हणजे एरवी तो हक्क राजाचा असे. भिंतीवरचे रोमन सैन्य इ. स. ४१० च्या सुमारास ब्रिटन सोडून गेले, आणि त्याच शतकात आपल्याकडे तांब्याच्या पत्र्यावर मिठाची माफी कोरली जात होती. रोमन शिपायाला पगार मिठात मिळे, अशी एक कथा आपण ऐकतो. लॅटिनमधील पगाराचा शब्द मिठावरून आला हे खरे, पण शिपायांना मिठाची पोती वाटल्याचा पुरावा नाही. आपल्याला त्या कथेची गरजही नाही, खाल्ल्या मिठाला जागावे हे आपली भाषा आपल्याला पाळण्यातच शिकवते.

१८७६ ते १८७८ या वर्षांत दक्षिणेत आणि मग उत्तरेत भीषण दुष्काळ पडला. सीमेवरचा हिशेब असा की १८७३-७४ साली तस्करीबद्दल ३,२७१ जणांना शिक्षा झाली होती. १८७७-७८ साली ६,०७७ जणांना झाली. हे सहा हजार लोक सगळेच सराईत तस्कर होते असे मानायला माझे मन तयार होत नाही. डोक्यावरच्या गाठोड्यात पाच-दहा शेर मीठ बांधून रात्री कुंपणाला भोक शोधणारी माणसेही त्यांत असणारच.

मग ही भिंत पडली कशी? दयेमुळे नव्हे. सरकारने १८७० मध्ये जयपूर व जोधपूर संस्थानांकडून सांभर सरोवर भाडेपट्ट्याने घेतले, पाठोपाठ इतर संस्थानांतील मिठागरेही करारांनी ताब्यात आली. मीठ निघते तेथेच कर घेता येऊ लागल्यावर वाटेत अडवण्याचे प्रयोजन उरले नाही. १८७८ मध्ये मुंबई-मद्रासचा कर वाढवून अडीच रुपये केला, उत्तरेचा थोडा उतरवला, आणि १ एप्रिल १८७९ रोजी रेषा सोडून देण्यात आली. म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या मिठाला कुंपण गेल्याचा भुर्दंडच बसला. कर राहिला, तो १९३० च्या दांडीयात्रेलाही पुरून उरला आणि १९४७ मध्ये गेला.

कुंपण मात्र माणसांच्या स्मृतीतून पार पुसले गेले. लंडनच्या एका ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची डागडुजी करणारे रॉय मॉक्सहॅम यांच्या हाती स्लीमनच्या आठवणींची एक जुनी प्रत आली. ठगांचा बंदोबस्त करणारे, नरसिंहपूर-जबलपूरकडे कारभार पाहिलेले हेच ते स्लीमन. त्यातल्या एका तळटीपेत या कुंपणाचा उल्लेख होता. मॉक्सहॅम तीन वेळा भारतात आले, गावोगाव विचारीत हिंडले, आणि अखेर १९९८ मध्ये उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात, चंबळच्या बाजूला, त्यांना काटेरी झाडे असलेला एक उंच बांध दाखवण्यात आला. २००१ साली त्यांचे पुस्तक निघाले. हेड्रियनच्या भिंतीला १९८७ पासून जागतिक वारशाचा दर्जा आहे. तिच्या खिंडीतले एकुलते झाड २०२३ मध्ये दोघांनी कापले तेव्हा साऱ्या इंग्लंडने शोक केला आणि २०२५ मध्ये त्यांना कारावास झाला. ते झाड मी पाहिले होते, सुंदर होते. त्याच्या शोकाविषयी माझी तक्रार नाही. पण आपल्या हजारो मैलांच्या कुंपणाची बहुतेक जागा रस्त्याखाली आणि नांगराखाली गेली, याची हळहळ कोणालाच वाटली नाही.

सीमा आणि मीठ यांची गाठ पुन्हा एकदा पडली, आणि यावेळी वैद्यकाच्या बाजूने पडली. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. बनगाव येथील छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचे द्राव संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पिंपांत कालवून नातेवाईकांच्या हाती दिले आणि पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासून ४ टक्क्यांखाली आले. आजच्या जलसंजीवनीच्या पाकिटात, एक लिटर पाण्यासाठी, २.६ ग्रॅम मीठ असते. अर्धा चमचा! महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

आज मी सकाळच्या ओपीडीत रक्तदाबाच्या दहा रुग्णांना मीठ कमी करा, दिवसाला पाच ग्रॅमच्या वर नको, लोणचे-पापड बंद करा, असे बजावते. अळणी वरणाला तोंड वाकडे करून ते घरी जातात, आणि अकराव्या खुर्चीवर उन्हात संत्री तोडून आलेली, हगवणीने गळालेली मजूरबाई असते. तिला मी मीठ प्या म्हणून सांगते. तिच्याजवळ बसलेला रक्तदाबाचा म्हातारा माझ्याकडे संशयाने पाहतो.

आपल्या सीमेचेही एकदा कुंपण झाले होते. २०२१ च्या मार्चमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, दोन राज्यांमधील बसवाहतूक थांबली. माझा एक रुग्ण आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नागपूरला जात असे. गावातल्या संत्र्याच्या व्यापाऱ्याने त्याला आपल्या गाडीतून नेले. कागदपत्रे पुढच्या काचेला चिकटवलेली, मागच्या सीटवर रुग्ण, आणि डिकीत नागपूरच्या बाजारासाठी चार पेट्या संत्री. नाक्यावर पेट्यांची चौकशी जास्त झाली, रुग्णाची कमी, असे तो मला पुढच्या भेटीत हसत सांगत होता. त्याचे पोटॅशियम त्या आठवड्यात ५.२ होते.